कव्हर गाण्यांखाली इंग्रजीत लिहिताना : आपले अनुभव सांगा

आपल्यापैकी अनेकजण इतरांची आवडती गाणी नव्याने गातात (यालाच ‘कव्हर’ म्हणतात), ती ध्वनिमुद्रित करतात आणि त्यांच्याखाली इंग्रजीत चार ओळींचे वर्णन लिहितात. गाण्यावर महिना महिना मेहनत घेतलेली असते, पण वर्णन मात्र पाच मिनिटांत उरकले जाते आणि एखादे ‘ऑफ’ किंवा ‘बाय’ चुकीच्या जागी पडल्याने कवीचे श्रेय गायकाकडे, तर मूळ गायकाचे श्रेय नव्या गायकाकडे जाते. आकाशवाणीच्या निवेदनांनी आपल्याला गीत, संगीत आणि स्वर अशी तीन नावे वेगवेगळी ऐकण्याची सवय लावली आहे, आणि इंग्रजीत लिहितानाही ती टिकावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. आपल्याला कोणता शब्दप्रयोग अडला आणि तो कसा सुटला, हे कृपया सविस्तर लिहावे.

सुरुवात मीच करतो. मी एका गायकमित्रांची इंग्रजी वर्णने तपासून देतो. त्यांनी एकदा ‘अडेल्स कव्हर’ असे शीर्षक दिले होते. अडेल या ब्रिटिश गायिकेचे गाणे आपण गायलो, असे त्यांना म्हणायचे होते. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र त्यातून अडेल यांनीच दुसऱ्या कोणाचे तरी गाणे गायले आहे, असा अर्थ लागतो. ‘अडेल कव्हर’ असे लिहिले तर अडचण नाही, कारण त्या रचनेत आधीचे नाव मूळ कलाकाराचे मानले जाते. सर्वांत निःसंदिग्ध रचना अशी की ‘कव्हर ऑफ’ यानंतर मूळ कलाकाराचे नाव आणि गाणे लिहावे आणि ‘बाय’ यानंतर आज गाणाऱ्याचे नाव लिहावे. मराठीतला ‘चे’ हा प्रत्यय गीतकार, संगीतकार आणि गायक या तिघांनाही सारखाच चालतो. त्यामुळे आपल्याला हा फरक सहसा जाणवत नाही.

पुणे, सुगम संगीताच्या शिक्षिका

माझ्या वर्गातील मुले गीतरामायणातील गाणी गातात आणि त्यांच्याखाली ‘ओरिजिनली संग बाय सुधीर फडके’ असे लिहितात. बाबूजींच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे घराघरांत पोचली असल्याने हे स्वाभाविक आहे. परंतु १९५५ साली १ एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवरून ही छप्पन्न गीते प्रथम प्रसारित झाली तेव्हा ती माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासह अनेक गायक-गायिकांच्या आवाजांत होती आणि सर्व गीते बाबूजींनी स्वतः ध्वनिमुद्रित केली ती त्यानंतर. म्हणून मी मुलांना ‘कंपोज्ड बाय सुधीर फडके, लिरिक्स बाय ग. दि. माडगूळकर’ असे आधी लिहायला लावते आणि पहिला आवाज कोणाचा हे खात्रीने ठाऊक असेल तरच ‘फर्स्ट ब्रॉडकास्ट इन द व्हॉइस ऑफ’ असे पुढे जोडायला सांगते.

दुसरा शब्द ‘ट्रॅडिशनल’. इंग्रजीत तो रचनाकार अज्ञात असलेल्या, पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या गाण्यांसाठी वापरतात. ‘इंद्रायणी काठी’ या गाण्याखाली ‘ट्रॅडिशनल अभंग’ असे लिहिलेले मी पुष्कळ ठिकाणी वाचले आहे आणि प्रत्येक वेळी जीव हळहळला आहे. ते गदिमांनी ‘गुळाचा गणपती’ या १९५३ सालच्या चित्रपटासाठी लिहिलेले गीत आहे, चाल पु. ल. देशपांडे यांची आहे आणि स्वर पंडित भीमसेन जोशी यांचा आहे. जुन्या अभंगाइतके ते अस्सल वाटते, हा गदिमांच्या लेखणीचा गौरव आहे. पण त्या गौरवापायी त्यांचे नावच पुसले जाते. ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ हा खरोखर संत नामदेवांचा अभंग आहे, मात्र तिथेही चाल राम फाटक यांची आहे, तेव्हा ‘ट्रॅडिशनल’ म्हणून मोकळे होता येत नाही.

न्यू जर्सी, मराठी मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेचे काम पाहणारे

आमच्या एका पत्रिकेच्या मसुद्यात हयात असलेल्या संगीतकारांच्या नावाआधी ‘इन लव्हिंग मेमरी ऑफ’ असे छापायला निघाले होते. लिहिणाऱ्याच्या मनात ‘प्रेमपूर्वक स्मरण’ एवढेच होते, पण हा शब्दप्रयोग केवळ दिवंगत व्यक्तींसाठी आहे. ‘अ ट्रिब्यूट टू’ हयात आणि दिवंगत अशा दोघांनाही चालते, म्हणून आम्ही तेच वापरतो.

मुंबई, ध्वनिमुद्रक

माझ्याकडे येणारे बरेच गायक ‘रीमिक्स’, ‘कव्हर’ आणि ‘अनप्लग्ड’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. मूळ ध्वनिमुद्रणाचेच ट्रॅक घेऊन त्यांची नवी मांडणी केली तर ते रीमिक्स, मूळ ध्वनिमुद्रणाचा एखादा तुकडा नव्या गाण्यात बसवला तर ते सॅम्पल, आणि मूळ ध्वनिमुद्रणाला हातही न लावता सगळे नव्याने गायले-वाजवले तर ते कव्हर. हा फरक केवळ शब्दांचा नाही, कारण पहिल्या दोन प्रकारांत ध्वनिमुद्रणाच्या मालकाची परवानगी लागते आणि तिसऱ्यात प्रश्न मुख्यतः गीत आणि संगीत यांच्या हक्कांचा असतो. ‘अनप्लग्ड’ हा शब्द १९८९ साली सुरू झालेल्या एमटीव्हीच्या कार्यक्रमामुळे रूढ झाला आणि त्यात विद्युत वाद्यांऐवजी अकूस्टिक वाद्यांवर गाणी सादर होत. आपल्याकडे लय संथ केली आणि तबला काढला की तेवढ्यावर गाणे ‘अनप्लग्ड’ म्हणवते, मग मागे तीन सिंथेसायझर वाजत असले तरी चालतात. अशा वेळी ‘स्लो व्हर्जन’ किंवा, वाद्ये खरोखरच कमी केली असतील तर, ‘स्ट्रिप्ड-डाउन व्हर्जन’ असे लिहावे, असे मी सुचवतो.

नागपूर, स्वामित्वहक्काचे काम करणारी वकील

वर्णनाखाली ‘नो कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट इंटेंडेड’ असे लिहिले की आपण सुरक्षित झालो, असा समज सर्वत्र आहे. या वाक्याने परवानगी मिळत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१सी आले. त्यानुसार पहिले ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले ते वर्ष संपल्यानंतर पाच कॅलेंडर वर्षे उलटली की पूर्वसूचना आणि आगाऊ मानधन देऊन कव्हर करता येते; मानधनाचा हिशेब दरवर्षी प्रत्येक गाण्याच्या किमान ५०,००० प्रती धरून होतो.

इथे शब्दांचा प्रश्न येतो. अशा ध्वनिमुद्रणाच्या वेष्टनावर ते या कलमाखाली केलेले कव्हर व्हर्जन आहे असे स्पष्ट नमूद करावे लागते, आणि आधीच्या ध्वनिमुद्रणातील गायकाचे नाव किंवा छायाचित्र त्यावर येता कामा नये. गाणाऱ्याला ‘ओरिजिनली संग बाय’ हा कृतज्ञतेचा भाग वाटतो, तर कायद्याला त्यात खरेदीदाराची दिशाभूल होण्याची शक्यता दिसते. माझ्या एका अशिलाने मुखपृष्ठावर मूळ गायिकेचे नाव स्वतःच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत घातले होते, ते छपाईपूर्वी काढून घ्यावे लागले. ऋणनिर्देश मुलाखतीत करावा, लेखात करावा, मैफलीतील निवेदनात अवश्य करावा. या परवान्याखाली विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या वेष्टनावर मात्र तो करू नये.

मडगाव, हॉटेलांत वाजवणाऱ्या बँडचे गिटारवादक

आमच्या जाहिरातीत ‘कव्हर्स अँड ओरिजिनल्स’ असे असते, आणि त्यातील ‘ओरिजिनल्स’ म्हणजे आम्ही स्वतः रचलेली गाणी. ‘नो कव्हर’ असा फलक दिसला तर त्याचा अर्थ प्रवेशशुल्क नाही, असा होतो. इतरांची गाणी वाजवली जाणार नाहीत, असा नव्हे. ‘कव्हरिंग फॉर’ म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी उभे राहणे, त्यामुळे ‘कव्हरिंग फॉर किशोर कुमार’ असे कधीही लिहू नये.

कोल्हापूर, इंग्रजी नियतकालिकांत संगीतसमीक्षा लिहिणारे

‘शी मेड द साँग हर ओन’ हे मी एका तरुण गायिकेविषयी लिहिले, तेव्हा तिच्या वडिलांनी अतिशय व्यथित होऊन विचारले की माझ्या मुलीने गाणे बळकावले, असे आपण का छापले? वास्तविक कव्हरला याहून मोठी दाद इंग्रजीत क्वचितच असेल. नाइन इंच नेल्स या अमेरिकी रॉक बँडचे ‘हर्ट’ हे गाणे जॉनी कॅश यांनी २००२ साली गायले, त्यानंतर हे गाणे आता आपले राहिले नाही, असे ते लिहिणारे ट्रेंट रेझनर यांनीच म्हटले. दुसऱ्याचे गाणे आपले करणे म्हणजे काय, ते यावरून समजावे. ‘डझ जस्टिस टू द ओरिजिनल’ ही त्यापेक्षा बेताची दाद आहे, आणि ‘नोट-फॉर-नोट’ (स्वरन्‌स्वर मुळाबरहुकूम) हे कौतुकही असू शकते किंवा तक्रारही. ‘शी किल्ड इट’ ही बोलीभाषेतील मनमोकळी शाबासकी आहे, तर ‘शी मर्डर्ड द साँग’ म्हणजे तिने गाण्याचा पार विचका केला. शब्दकोशात शेजारी वाटणारे हे प्रयोग व्यवहारात परस्परविरुद्ध आहेत, तेव्हा खात्री नसेल तर दोन्ही टाळलेले बरे.

बंगळुरू, इंग्रजी गाणी गाणारी

सर्वांत जास्त विचार मला ‘ओरिजिनल’ शब्दाचा करावा लागतो. ‘मेक यू फील माय लव्ह’ हे गाणे बॉब डिलन यांनी लिहिले, १९९७ साली ते प्रथम बिली जोएल यांच्या आवाजात प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी थोड्या अवधीने डिलन यांच्या स्वतःच्या आल्बममध्ये आले आणि २००८ साली अडेल यांनी ते नव्या पिढीपर्यंत नेले. इथे ‘ओरिजिनल बाय’ असे लिहिले तर ते कोणाला उद्देशून, हे कळायला मार्गच नाही. म्हणून ‘रिटन बाय’, ‘फर्स्ट रिलीज्ड बाय’ आणि ‘बेस्ट नोन टू मी इन द व्हर्जन बाय’ असे तीन निरनिराळे प्रयोग मी वापरते. ‘हॅलेलुया’च्या बाबतीत आणखी एक पायरी येते. लेनर्ड कोहेन यांनी ते १९८४ साली आणले, जॉन केल यांनी १९९१ साली त्याची वेगळी मांडणी केली आणि जेफ बकली यांचे १९९४ चे गायन त्या मांडणीवरून घडले. बकली ऐकून गाणाऱ्याने केल यांचे नाव गाळणे मला अन्यायाचे वाटते. माझ्या वर्णनात गीत-संगीत कोहेन यांचे, ‘अरेंजमेंट आफ्टर जॉन केल अँड जेफ बकली’, आणि ‘व्होकल्स अँड गिटार’ यापुढे माझे नाव, अशा तीन ओळी असतात.