अनुभव धागा: बिअरच्या रिकाम्या बाटल्यांवरची लेबलं कशी काढता?

परदेशात घरी बिअर करणाऱ्यांनो, इथे लिहा. १९ लिटरच्या एका खेपेला ३५५ मिलीच्या ५३-५४ बाटल्या लागतात. एकेक नखाने खरवडणं परवडत नाही. सुरुवात मी करते.

आधी लेबल ओळखा. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. मुरला तर कागद, घरंगळला तर प्लॅस्टिक. कागदाखाली बऱ्याचदा केसिनची (दुधातल्या प्रथिनाची) खळ असते आणि ती अल्कलीत सुटते. २० लिटर गरम पाण्यात (५०-५५ अंश) १०० ग्रॅम धुण्याचा सोडा. बाटल्यांत आतूनही पाणी भरा, नाहीतर त्या तरंगतात. तासाभरात लेबल सरकायला लागतं, चिवट असेल तर रात्रभर ठेवा. सुटलेला कागद लगेच उचला. त्याचा लगदा बाटलीत शिरला की ब्रशनेही धड निघत नाही.

– जर्मनीत अर्ध्या लिटरच्या परतीच्या बाटल्या घ्या. त्या कारखान्यात धुऊन पुन्हा भरायच्या असतात, त्यामुळे लेबल पटकन सुटेल अशीच खळ लावतात. गळ्याला ॲल्युमिनियमचा चकचकीत वर्ख असेल तर भिजवण्याआधी सोलून टाका. ॲल्युमिनियम आणि सोडा एकत्र आले की हायड्रोजन सुटतो, म्हणून टबावर झाकण घालू नका.

– सोड्याऐवजी बिनवासाचं ऑक्सिक्लीनही (सोडियम परकार्बोनेट असलेली डाग काढायची पावडर) चालतं, आतला वाळलेला यीस्टचा थरही निघतो. पाणी जड असेल तर काचेवर पांढरी साय धरते. ती पातळ व्हिनेगरने जाते, पण आधीचं पाणी ओतून, बाटल्या नीट विसळून, मगच. परकार्बोनेट आणि व्हिनेगर एकत्र आल्यास झोंबणारं पेरॅसेटिक आम्ल बनतं.

– लेबल काढायला अमोनिया वापरणाऱ्यांनी त्या टबात ब्लीच कधीही घालू नये. विषारी वायू होतो.

– प्लॅस्टिकचं लेबल भिजवून काही होत नाही, तिथे उष्णता हवी. बाटली आधी कोमट पाण्याने तापवा, मग आत ७० अंशांचं पाणी भरा. थंडगार काचेत एकदम ओतलं तर तळ तडकतो. दोन-तीन मिनिटांनी एक कोपरा उचलून लेबल काचेलगत, हळू ओढा. झटका दिला की चिकटा मागे राहतो. त्यावर खाण्याचा सोडा आणि तेल समप्रमाणात कालवून चोळा, दहा मिनिटांनी पुसा. नंतर भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा, कारण तेलाचा अंश राहिला तर बिअरला फेस टिकत नाही.

– काचेवर छापलेली चित्रं? सोडून द्या, दुसरी बाटली घ्या.

– हे सगळं करण्याआधी काठावरून बोट फिरवा. टवका असेल किंवा पिळून उघडायच्या झाकणाचे आटे असतील तर बाटली बाजूला काढा. तिथे साधं झाकण घट्ट बसेलच असं नाही, गॅस निसटतो. तपकिरी काच आधी निवडा. हिरव्या आणि पारदर्शक बाटलीत उजेडाने हॉप्सला (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांना) उग्र वास येतो.

– महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, पण कोकम सरबताच्या बाटल्यांनाही हीच सोड्याची रीत लागू पडते. धुऊन पालथ्या घाला, पूर्ण वाळल्यावरच भरा.