वर्णभेदविरोधी चळवळीची मूळ कागदपत्रं ऑक्सफर्डला का?

१९५९ साली लंडनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मालावर बहिष्कार घालण्यासाठी एक गट उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलला पोलिसांनी निदर्शकांवर केलेल्या गोळीबारानंतर, १९६० मध्ये, तो 'अँटी-अपार्थाइड मूव्हमेंट' झाला. त्याची इतिवृत्तं, पत्रव्यवहार, पत्रकं आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाकडे आहेत. आधी तर ती ऱ्होड्स हाउसमध्ये होती, म्हणजे ज्याने आफ्रिकेतल्या जमिनी लाटल्या त्या सेसिल ऱ्होड्सच्या नावाच्या वास्तूत! मला हे सलतं. ज्यांच्यासाठी हा लढा झाला, त्यांच्या नातवंडांना मूळ कागद बघायचा तर व्हिसा काढावा लागतो. मूळ कागद केपटाउनला जावेत, ऑक्सफर्डने प्रती ठेवाव्यात. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद १
असहमत. लढा दक्षिण आफ्रिकेसाठी होता, पण चळवळ ब्रिटनची. बाजारात उभं राहून 'ही संत्री घेऊ नका' सांगणाऱ्या बायका, दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या बार्कलेज बँकेतली खाती बंद करा म्हणून वर्षानुवर्षं मागे लागलेले विद्यार्थी (१९८६ मध्ये बँक तिथून बाहेर पडली), हा ब्रिटनमधल्या गावांचा इतिहास आहे. आपलं सरकार कुणाशी व्यापार करतंय हे त्यांनी विचारलं. त्याचा पुरावा त्यांच्याच देशातून कशाला हलवायचा?

प्रतिसाद २
१९९१ मध्ये बंद झालेल्या 'इंटरनॅशनल डिफेन्स अँड एड फंड'चा संग्रह केपटाउनला, वेस्टर्न केप विद्यापीठात गेलाच आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या राजकीय कैद्यांच्या कुटुंबांना हा फंड चोरून पैसे पाठवायचा. ब्रिटनमधली साधी माणसं ओळखीचं पत्र लिहितोय असं दाखवून मनिऑर्डर धाडायची आणि घरून उत्तरं यायची: पैसे मिळाले, पोराची फी भरली. ती पत्रं त्या घरांची आहेत. ती परत गेली हे योग्यच झालं. ब्रिटनमधल्या चळवळीच्या इतिवृत्तांना तोच न्याय लावता येणार नाही.

प्रतिसाद ३
आणि आगीचं काय? १८ एप्रिल २०२१ ला टेबल माउंटनचा वणवा केपटाउन विद्यापीठाच्या जॅगर ग्रंथालयात शिरला. आफ्रिकाविषयक छापील पुस्तकांचा मोठा साठा गेला. सगळं एकाच गावात ठेवायला माझा जीव धजत नाही.

धागाकर्ती
त्याच आगीत अग्निरोधक दारं खाली आली म्हणून बाकीची दालनं वाचली. तळघरात पाणी भरलं तेव्हा स्वयंसेवकांनी क्रेटच्या क्रेट भरून कागद वर काढले. तिथली माणसं सांभाळू शकत नाहीत, असं यावरून म्हणता येत नाही. फंडाच्या पत्रांचा मुद्दा मात्र पटला. मी दोन वेगळे साठे एकत्र धरत होते.

प्रतिसाद ४
मी एका संघटनेचे जुने कागद लावायला वर्षभर जात होते. सायक्लोस्टाइलच्या पत्रकांना लावलेल्या टाचण्या गंजतात आणि तो गंज खालच्या चार पानांत उतरतो. टाचणी ओढली की पान फाटतं, म्हणून ती आधी सैल करायची, मग काढायची. १९८०च्या दशकातला फॅक्सचा कागद तर उजेडात ठेवला की कोरा होतो. त्याची आधी झेरॉक्स. तासाला वीस-पंचवीस पानं होतात. ऑक्सफर्ड की केपटाउन ठरवताना या कामाचा पगार कोण देणार, तेही लिहा. पैसे न देता नुसती खोकी पाठवली, तर ती तशीच बांधलेली राहतील.

धागाकर्ती
मग मागणी बदलते. आधी तिथल्या दोन माणसांचा पाच वर्षांचा पगार, त्यानंतर खोकी. मूळ कागद जावेत हे मी सोडत नाही.