पिंपळपानाची जाळी, दाबलेली फुलं, गेरूवरचं पांढरं: हातकामाचे अनुभव लिहा

राखी-दिवाळीच्या भेटींसाठी किंवा विकायला पानं, फुलं, माती वापरून वस्तू करणाऱ्यांनी इथे आपली मापं लिहावीत. किती सोडा, किती दिवस, कुठला कागद आणि कुठे बिघडतं, हे नेमकं हवंय. (खाली रानजाई, कागदकाम, गेरू ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं आहेत.)

सुरुवात पिंपळपानापासून: गर काढून फक्त शिरांची जाळी उरवायची. पान जून, गडद हिरवं घ्या. तांबूस कोवळ्या पानाचा शिरांसकट लगदा होतो. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, वीसेक पानं, मंद आचेवर तास-दीड तास. पाणी आटलं तर गरम पाणीच घाला. पातेलं स्टीलचं हवं, ॲल्युमिनियमला सोडा खातो. हातमोजे घाला, आणि ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

एक पान ताटलीतल्या पाण्यात ठेवून बोटाने दाबून बघा. गर आपसूक सुटायला हवा. ओढावा लागला तर अजून पंधरा मिनिटं शिजवा. मग मऊ टूथब्रश उभा धरून हलके ठोके द्या. घासलं की जाळी फाटते, आणि बहुतेकांची पानं इथेच जातात. मधल्या शिरेपासून कडेकडे जा, पान उलटून तसंच करा. लांब शेपटी अगदी शेवटी घ्या. पांढरी जाळी हवी असेल तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी समभाग घेऊन त्यात रात्रभर ठेवा, धुवा, टिपकागदात दाबा.

रानजाई: सोडा नको असेल तर पानं बादलीत तीन-चार आठवडे कुजवा, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. वास येतो, पण शिरा चिवट राहतात.

माझ्याकडून आता फुलं. सकाळी दव सुकल्यावर, दहाच्या सुमारास तोडा. पाकळीवर पाण्याचा एक थेंब राहिला तरी तिथे तपकिरी डाग पडतो. बोगनवेल, कॉसमॉस, गुलमोहराच्या सुट्या पाकळ्या आणि कुठलाही नेचा छान दबतो. जास्वंद कागदाला चिकटते. झेंडू-शेवंती अख्खी दाबू नका, मधला गड्डा ओला राहून बुरशी धरतो. पाकळ्या सोडवून घ्या. वर्तमानपत्राचा जाड थर, त्यावर टिपकागद, फूल, पुन्हा टिपकागद. पहिले चार दिवस कागद रोज बदला, मग वजनाखाली दोन आठवडे. जुलै-ऑगस्टात कोकणपट्टीत हे जमवायला फार यातायात पडते. वर्षभराचा साठा नोव्हेंबर ते मार्चमध्येच करून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा.

कागदकाम: कार्डासाठी पुण्याच्या हातकागद संस्थेत मिळतो तसा हातकागद घ्या, 200 जीएसएमच्या (चौरस मीटरला 200 ग्रॅम) वर. पातळ कागद फेव्हिकॉलच्या ओलाव्याने वळतो. गोंद टूथपिकने फक्त देठ, मध्य आणि दोन टोकांना, मोहरीएवढा. पाकळीभर गोंद लावला की ती महिन्याभरात काळवंडते. फूल पुरतं वाळलं नसेल तर लॅमिनेशन करूच नका, ओल आत कोंडते. गिऱ्हाइकाला आधीच सांगा: उन्हात टांगलं तर रंग उडणार.

गेरू: मी मातीच्या कुंड्यांवर वारली शैलीत काम करते. भाजलेली माती पाणी ओढते, त्यामुळे रेघ अर्ध्यात कोरडी पडते. आधी एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी असा हात द्या. नुसता पाण्यातला गेरू हाताला लागतो. चार भाग गेरूला एक भाग फेव्हिकॉल घाला. पांढरा ॲक्रिलिक ताकाइतका पातळ, शून्य नंबरचा ब्रश. माणसाच्या आकृतीत दोन त्रिकोण जिथे टोकाला टोक भिडतात ती कंबर केसासारखी बारीक हवी. ती जाड झाली की माणूस नाचत नाही, नुसता उभा राहतो.

मूळ वारली कामात तांदळाचं पीठ, पाणी, डिंक आणि ठेचलेली बांबूची काडी असते. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कलाकार वारली नसेल तर लेबलवर ‘वारली शैलीत’ असंच लिहावं. आणि लग्नात भिंतीवर काढतात तो पूजेचा चौक पायपुसण्यांवर, चहाच्या कोस्टरवर काढू नये, कितीही मागणी असली तरी. वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंनी ही कला कागद-कापडावर जगभर नेली, पण चौकातल्या पालघाट देवीचा मान वेगळाच.

रानजाई: किमतीबद्दल: सामान अधिक वेळ, असा हिशेब मांडा. कार्डाला सामान 25 रुपये, वेळ वीस मिनिटं, तासाची मजुरी 150 धरली तर 50, झाले 75. त्यात दहातली एक-दोन पानं फाटतात त्याची भर आणि दुकानाचं कमिशन. कमिशन सुरुवातीलाच धरा, नंतर वाढवता येत नाही.

कागदकाम: परदेशी पाठवताना मोरपीस नको, त्याच्या निर्यातीला बंदी आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला वाळलेली पानं-फुलं जाहीर करावी लागतात, तरी अडकू शकतात. तिकडच्या नातेवाइकांना गेरूकाम कागदावर करून पाठवा. मागे-पुढे पुठ्ठा लावा, गुंडाळी नको. वळवला की गेरूला तडे जातात.