निवांत म्हणजे डबकं?

मांजलपूरकर: सुरसागर तलावाच्या काठी तासन्‌तास बसलेली आपली मंडळी बघा, म्हणजे बडोद्याचा मराठी माणूस डबकं का झाला ते कळेल. लाडका शब्द 'निवांत', आणि तोही आपला नाही. गुजराती 'निरांत' उचलला, 'र'चा 'व' केला. शब्द परका, आळस घरचा.

दांडियाबाजारवाली: सकाळपासून गप्प होते, आता राहवत नाही. 'निवांत' आला संस्कृत 'निवात'वरून, म्हणजे जिथे वारा नाही अशी जागा. गीता, सहावा अध्याय, एकोणिसावा श्लोक: 'यथा दीपो निवातस्थो नेङ्गते'. दिवा जळतोय हो, फक्त हलत नाही! डबक्यात काय जळतं? आजी देवापाशी दिवा लावताना आम्हाला पंखा बंद करायला लावायची आणि म्हणायची, 'हं, आता निवांत.' मला वाटायचं, आम्हाला गप्प करतेय. ती ज्योतीबद्दल बोलत असणार. आणि शब्द 'निरांत'वरून आला म्हणता, तर तो कोल्हापूर-साताऱ्याला कोणी पोचवला? गायकवाडांनी टपालाने पाठवला का?

तात्या रावपुरा: श्लोक मान्य. पण मधला अनुस्वार कुठून टपकला? नि + वांत करायला गेलात तर वांतीच व्हायची. साधं आहे, दूध निवतं, भात निवतो, डोकं निवतं. निवलेला तो निवांत. वाऱ्याचा काय संबंध?

दांडियाबाजारवाली: उच्चचं उंच झालं, पक्षाचं पंख झालं, तिथे अनुस्वार कुठून टपकला?

पुण्याहून आलेली: 'निरांत'वरून आठवलं. नवी नवरी होते, सासूबाई म्हणाल्या, 'निरांते बस हिंचक्यावर, शाक मी करते.' माहेरी फोनवर मी तसंच बोलले तर बहीण हसून लोळली. दहा वर्षं झाली, अजून प्रत्येक लग्नात नक्कल करून दाखवते.

मांजलपूरकर: बरोबरच हसली. हीच ती भेसळ.

पुण्याहून आलेली: भेसळ? तिची मुलं 'मम्मी, टेन्शन नको घेऊस' म्हणतात ती शुद्ध मराठी का? माझ्या सासूबाई दोन्ही भाषांत भांडू शकतात. तुम्हाला एका तरी भाषेत नीट जमतंय का?

दांडियाबाजारवाली: याच गावात १९३१ साली 'सयाजीशासन शब्दकल्पतरू' निघाला. कारभारातले शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडलेत. सयाजीराव महाराजांना विटाळ झाला नाही, तुम्हाला होतो!

विश्वामित्री काका: साचण्यावर बोलताय तर ऐका. ऑगस्ट २०२४चा पूर ओसरला, पण आमच्या तळघरात पुढे सहा दिवस पाणी. सोसायटीचा पंप दोन वर्षं बंद, कमिटी म्हणते कोटेशन मागवलंय. ते पाणी अगदी निवांत होतं. वारा नाही, लाट नाही, वर हिरवी साय. घाला त्याला श्लोक!

तात्या रावपुरा: काका, विषय कुठलाही असो, तुमचा पंप आहेच.

विश्वामित्री काका: तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणून सुचतं हे.

दांडियाबाजारवाली: काका, ते पाणी 'तुंबलेलं' होतं. वाट अडली की तुंबतं. निवांतपणात अडलेलं काही नसतं.

तात्या रावपुरा: रात्री पाणिनी काढला. तुम्हाला जिंकवायला नव्हे. सूत्र आहे, 'निर्वाणोऽवाते'. अग्नी विझला तर 'निर्वाण', पण वारा पडला तर 'निर्वात'. दोन्हींत धातू एकच, 'वा', म्हणजे वाहणे. आमचं निवणंसुद्धा त्याच 'निर्वा'तून आलेलं. तेव्हा वाऱ्याचा संबंध आहे. झालं समाधान?

दांडियाबाजारवाली: म्हणजे माझं बरोबर.

तात्या रावपुरा: म्हणजे माझंही चूक नाही.

मांजलपूरकर: गुजरातीतून आला नाही, ठीक, मागे घेतो. डबकं मागे घेत नाही. सुरसागरावर या रविवारी, दाखवतो.

पुण्याहून आलेली: येते. सासूबाईंनाही आणते.

विश्वामित्री काका: पंपाचं कोटेशन आलं. पुन्हा चुकीच्या हॉर्सपॉवरचं.