प्रतिसाद: रोहिणी हट्टंगडी आणि 'म्हाताऱ्या भूमिकांचा शिक्का'

वर दोघांनी लिहिलंय की रोहिणीताईंना फार लवकर म्हातारं केलं गेलं आणि पुढे मालिकेत त्या वाया गेल्या. पहिलं खरं आहे, दुसरं मला अजिबात पटत नाही.

जन्म पुण्याचा, १९५१चा. अभिनयाचं शिक्षण दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, तिथले तेव्हाचे संचालक इब्राहिम अल्काझी यांच्या हाताखाली. 'गांधी' चित्रपटाचं चित्रीकरण झालं तेव्हा वय जेमतेम तिशीचं, आणि कस्तुरबा मात्र तरुणपणापासून थेट आगाखान पॅलेसमधल्या शेवटापर्यंत. असं वय वाढवताना नवखे नट आधी आवाज कापरा करतात, पाठ वाकवतात. सगळं एकदम केलं की सोंग दिसतं. इथे बघा: आधी मंदावते ती हालचाल. बसताना, उठताना, मान वळवताना लागणारा वेळ वाढतो, बोलणं मात्र ठाम राहतं. बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार त्याचाच. 'सारांश'मध्ये तेच कसब, आणि 'पार्टी'साठी राष्ट्रीय पुरस्कार. 'चालबाज'मधली दुष्ट काकूही विसरू नका!

आता मालिका. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३, तीन हजारांहून अधिक भाग. दैनंदिन मालिकेत संहिता बऱ्याचदा सेटवरच हातात पडते, प्रसंग उलटसुलट क्रमाने चित्रित होतात. आज रडायचं कारण परवा चित्रित होणार असतं. अशा वेळी पात्राचा आलेख नटालाच डोक्यात सांभाळावा लागतो, नाहीतर प्रत्येक भागात वेगळीच बाई दिसते. या मालिकेतली त्यांची आशालता देशमुख बारा वर्षं एकच बाई राहिली. हे काम चित्रपटापेक्षा कमी कसं?