बियाणं एकच, तरी एका तुकड्यात सोयाबीनच्या मुळांना गाठी आणि दुसऱ्यात एकही नाही

विहिरीकडची, ता. औसा

नमस्कार. आमचं साडेतीन एकर सोयाबीन दोन तुकड्यांत आहे. वरच्या दोन एकरांत पंधराएक वर्षं सोयाबीन आणि त्यावर हरभरा चालू आहे. विहिरीकडच्या दीड एकरात ऊस होता. खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) मोडून यंदा पहिल्यांदाच तिथे सोयाबीन पेरलं. वाण फुले संगम, बियाणं घरचं, पेरणी दोन्हीकडे २३ जूनला. आज ३४ वा दिवस.

वरचं पीक हिरवंगार आहे. विहिरीकडचं फिकट दिसतं आणि खालची पानं पिवळी पडत चालली आहेत. काल दोन्हीकडची पाच-पाच झाडं खुरप्याने मातीसकट उकरली आणि बादलीत मुळं धुतली. वरच्या झाडांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या भरपूर गाठी. विहिरीकडच्या चार झाडांना एकही नाही, पाचव्याला दोन बारक्या.

बीजप्रक्रिया मी स्वतः केली. बुरशीनाशक, कीटकनाशक आणि रायझोबियमचं (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र म्हणजे नायट्रोजन झाडाला देणाऱ्या जिवाणूंचं) पाकीट, सगळं २२ तारखेला संध्याकाळी एकाच ड्रममध्ये फिरवलं. सकाळी वापसा नव्हता, रान पेरणीसाठी फार ओलं होतं, म्हणून बियाणं दुपारपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं.

शेजारी म्हणतात युरिया टाका. सासरे म्हणतात, डाळवर्गीय पिकाला युरिया दिला की गाठी धरत नाहीत. काय करू?

तिफण, जि. परभणी

ताई, विहिरीकडे पाणी साचतं का? उसाचं रान सखल असतं, त्यात दाबलेलं. मुळाला हवा मिळाली नाही तर गाठी होत नाहीत. आमच्याकडे रुंद वरंबा सरीवर पेरलेलं आणि सपाट पेरलेलं शेजारी-शेजारी आहे, मुळं उपटली की फरक दिसतो.

दुसरं, आमचे वडील नव्या रानात जुन्या सोयाबीनच्या रानातली माती नेऊन पसरायचे. गाडीभर पुरायची.

लिग्नाईट, जि. हिंगोली

ताई, तुम्ही दोन्हीकडची मुळं धुऊन बघितलीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. मी बावीस वर्षं एका जिवाणू खतांच्या प्रयोगशाळेत पाकिटं भरायचं काम केलं. आता गावी चार एकर करतो.

बियाणं एकच, ड्रम एकच, पाकीटही एकच. तरी वर गाठी आल्या आणि खाली आल्या नाहीत. म्हणजे वरच्या गाठी तुमच्या पाकिटाच्या नाहीत. त्या रानात आधीपासून राहणाऱ्या जिवाणूंच्या आहेत. पाकिटाचं काम दोन्हीकडे झालं नाही. वर ते झाकलं गेलं, खाली उघडं पडलं.

सोयाबीन मूळचं पूर्व आशियातलं. त्याला लागणारा ब्रॅडिरायझोबियम हा गाठी करणारा जिवाणू आपल्या काळ्या रानात मुळात नव्हता, तो पिकाबरोबर आला. एकदा रुजला की वर्षानुवर्षं मातीत टिकतो, पण जिथे सोयाबीन कधी झालंच नाही तिथे तो असणार कुठून? तूर, मूग, उडीद, चवळी यांचं तसं नाही. त्यांचे जिवाणू आपल्या बहुतेक रानांत आहेतच. म्हणून मुगाला पाकीट न लावताही गाठी येतात आणि सगळ्या डाळवर्गाला असंच चालतं असं माणूस धरून बसतो.

आता पाकीट का गेलं ते सांगतो. त्या पुडीत कोळशाच्या भुकटीत जिवंत जीव असतात. मानकानुसार एका ग्रॅममध्ये निदान ५ कोटी असायला हवेत. बुरशीनाशकासोबत ओल्यात एकत्र फिरवले की त्यातले पुष्कळ तिथेच मरतात. वरून अर्धा दिवस पत्र्याखालची ऊब आणि सुकणं. माझा जीव तुटायचा तो इथेच. आम्ही थंड खोलीत सांभाळलेली पाकिटं जूनमध्ये उन्हात उभ्या टेम्पोत भरलेली मी स्वतः पाहिली आहेत. तारीख मुदतीतली, आतले जीव गेलेले. शेतकऱ्याला ते कळायला काहीच मार्ग नाही. दोष तुमचा एकटीचा धरू नका.

युरियाचं म्हणाल तर दोघेही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या तुकड्यांसाठी. वरच्या रानातली एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर ती काम करते आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. गाठीतल्या जिवाणूंना प्राणवायू मोजून-मापून पोचवायचं काम ते करतं. तिथे युरिया टाकू नका. आयता नत्र मिळाला की झाड गाठींना साखर पुरवायचं कमी करतं, सासरे म्हणतात ते हेच.

विहिरीकडे मात्र मारायला गाठीच नाहीत. सोयाबीनला क्विंटलभर दाण्यामागे साधारण ८ किलो नत्र लागतो. एकरी ८ क्विंटल धरले तर ६४ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जेमतेम २१ किलो नत्र. काही जमीन देईल, पण उसाच्या वेळचा नत्र फारसा उरलेला दिसत नाही, उरला असता तर पानं पिवळी पडली नसती. तेव्हा एकरी एक गोणी दोन हप्त्यांत, वापशावर, ओळीच्या कडेला देऊन कोळपणी करा. फुलोऱ्यात २ टक्के युरियाची फवारणी. वरच्याइतकं उत्पन्न येईल असं म्हणत नाही, पण पीक हातचं जाणार नाही.

त्याआधी एक खात्री करा. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ते लोहाचं दुखणं. चुनखडीच्या रानात ते फार असतं, त्याला युरिया देऊन उपयोग नाही.

तिफण दादा, माती नेण्याचा उपाय खरा आहे, पाकिटं नव्हती तेव्हा लोक तेच करत. पण त्या मातीबरोबर मूळकूज आणि तणाचं बीही जातं. मी तरी आता करणार नाही.

विहिरीकडची

दादा, गाठी फोडल्या. वरच्या सगळ्या आतून लाल, बोटाला रंग लागला. सासऱ्यांनाही दाखवल्या. विहिरीकडच्या त्या दोन आतून पांढरट-हिरवट निघाल्या. पिवळी पानं खालचीच आहेत. पाणी साचत नाही, उतार आहे. उद्या वापसा येईल असं वाटतं, दीड एकराच्या पहिल्या हप्त्याची पाऊण गोणी आणून ठेवली.

पुढच्या वर्षी बीजप्रक्रिया कशी करू? आणि रब्बीत त्याच तुकड्यात हरभरा घ्यायचा आहे. तोवर या सोयाबीनमुळे जिवाणू तयार होतील का?

लिग्नाईट

नाही. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, सोयाबीनचा त्याला चालत नाही. पाकिटावर पिकाचं नाव छापलेलं असतं, ते वाचून हरभऱ्याचंच घ्या. तुमच्या त्या तुकड्यात हरभराही कधी झालेला नसेल, तर तिथेही हीच गत होऊ शकते.

बुरशीनाशक लावायचं असेल तर आधी लावून सुकू द्या, जमलं तर आठवडाभर आधी. पेरणीच्या दिवशी सकाळी, सगळ्यात शेवटी रायझोबियम. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट, आणि नव्या रानात दुप्पट लावा, तिथे काटकसर करू नका. गुळाचं पाणी पूर्ण थंड झालेलं हवं. सोयाबीनचं साल फार नाजूक, पाणी जास्त झालं की सुटतं. ड्रममध्ये घुसळू नका, गोणपाटावर हलक्या हाताने चोळा. द्रवरूप मिळालं तर सोयाबीनला ते सोयीचं. सावलीत सुकवा आणि दोन-चार तासांत पेरा. पावसाने अडवलं तर पुन्हा लावा.

ब्राझीलमध्ये कोट्यवधी एकर सोयाबीन जवळजवळ नत्रखताशिवाय येतं. योहाना डोबेरायनर नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी तिथे युरियाऐवजी जिवाणूंवर भर द्यायचा आग्रह धरला होता. तिथले बरेच शेतकरी जुन्या रानातही दरवर्षी जिवाणू लावतात. तुम्हीही वरच्या दोन एकरांत लावत जा.

आणि स्फुरद (फॉस्फरस) विसरू नका. नत्र बांधायला गाठीला खूप ऊर्जा लागते आणि चुनखडीच्या काळ्या मातीत स्फुरद अडकून बसतो. पेरताना तो बियाण्याच्या खाली पडायला हवा, वरून फेकलेला मुळापर्यंत पोचत नाही.

हरभरा पेरल्यावर तीसेक दिवसांनी पुन्हा पाच झाडं उकरा आणि इथे लिहा. मी वाट बघतो.