मदत हवी आहे: विद्यापीठात संशोधनासाठी ठेव ठेवायची आहे

नमस्कार सोलापूरकर मंडळी. आम्ही पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे माजी विद्यार्थी. आमचे सर गेल्या वर्षी गेले. त्यांच्या नावाने कायम ठेव ठेवून व्याजातून दरवर्षी एका संशोधक विद्यार्थ्याला रसायने आणि नमुना तपासणीचा खर्च द्यायचा विचार आहे. पाच लाख जमले आणि सात टक्के व्याज धरले, तर वर्षाला ३५,००० होतात. पदक द्यावं असं काहींचं म्हणणं आहे; मला मात्र प्रयोगाला हातभार लागलेला जास्त आवडेल. पैशाअभावी नमुने महिनोन्‌महिने पडून राहिलेले मी स्वतः पाहिलेत.

कुणी अशी ठेव ठेवली आहे का? करारात काय लिहून घ्यावं? एखाद्या वर्षी योग्य विद्यार्थी नसेल तर व्याज मुद्दलात मिळवावं, हे घालता येतं का?

देणगीवरची आयकर सवलत (८०-जी म्हणतात ती) जुन्या करप्रणालीतच मिळते आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला नाही, एवढं ठाऊक आहे. सार्वजनिक विद्यापीठातलं विज्ञान संशोधन सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी करायच्या खर्चात, बसतं, म्हणून चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यांनाही विचारायचंय. तिथे आधी कुणाला भेटावं?